टर्बोच्या दोन बटणांचा मागोवा

नांदगाव पेठेत नव्वदीच्या दशकात ज्या पोट्ट्यांनी टीव्हीला डबा जोडून मारिओ खेळला, त्यांच्या हातातल्या रिमोटवर उजव्या बाजूला चार बटणं होती. खाली बी आणि ए, आणि त्यांच्या डोक्यावर आणखी दोन. वरचं बटण नुसतं दाबून धरलं की काँट्रातला शिपाई असो की टँक, तो आपला आपणच धडाधड गोळ्या सोडत सुटायचा. बोटाला काही कामच नाही. ज्या जपानी यंत्राची ही नक्कल होती, त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या रिमोटवर मात्र बटणं दोनच. मग ही वरची दोन, टर्बोची बटणं, आली कुठून?

तेव्हा हा प्रश्न कोणाला पडायचं कारण नव्हतं, कारण फॅमिकॉम हे नावच कोणी ऐकलेलं नव्हतं. आपल्याकडे आलं ते समुराई, आलं ते मीडिया कंपनीचं लिटल मास्टर, आणि त्यांच्यामागून नाव ना गाव अशा डब्यांची रांग. खोक्यावर कुठल्यातरी हॉलिवूडपटाचा नट छापलेला, आत फॅमिकॉमचीच नक्कल. नांदगाव पेठ म्हणजे अमरावतीहून नागपूरकडे निघालं की हमरस्त्यावरचं गाव. आज ते एमआयडीसी, टोल नाका आणि औष्णिक वीज केंद्र यांच्यामुळे ओळखलं जातं. तेव्हा व्हिडिओ गेम घ्यायचा तर अमरावती गाठावी लागे, नाहीतर शहरातल्या मामाकडे सुट्टीत जाऊन खेळावा लागे. मे महिन्याच्या दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, कूलरसमोर पोट्ट्यांचा घोळका, एक जीव गेला की रिमोट पुढच्याच्या हाती. भांडणही ठरलेलंच. “तुया रिमोटचं वरचं बटन चालते, माह्यं नाही चालत. मंग हे बरोबरी कायची?”

माझ्या मते गेमच्या रिमोटचा साठ वर्षांचा इतिहास या एका तक्रारीभोवती फिरतो. जास्त चांगलं खेळता यावं म्हणून यंत्रासोबत आलेला रिमोट बाजूला सारायचा आणि दुसरा जोडायचा, ही हौस जपान-अमेरिकेतल्या लोकांनी वेगळे पैसे मोजून भागवली. वऱ्हाडात बदली रिमोटच डब्यासोबत फुकट आला. मूळचा कसा असतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मागे जायचं तर थेट १९६२ पर्यंत जावं लागतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पीडीपी-१ नावाच्या कपाटाएवढ्या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या दोस्तांनी ‘स्पेसवॉर’ हा दोन यानांच्या लढाईचा गेम लिहिला. यान चालवायचं ते संगणकाच्या तोंडावरच्या खटक्यांनी. ते खटके बिचारे आकडेमोडीसाठी बसवलेले. थोडा वेळ खेळलं की कोपरं दुखायची. शिवाय पडदा एका बाजूला, त्यामुळे त्या बाजूला बसलेल्याला उघड फायदा. ॲलन कोटोक आणि रॉबर्ट सॉन्डर्स या दोघांनी तिथल्या मॉडेल रेल्वेच्या क्लबातलं सामान गोळा करून दोन छोट्या पेट्या बनवल्या. एक दांडा यान वळवायला, दुसरा पुढे ढकलायला, आणि टॉर्पेडो सोडायला एक बटण. हे बटण मुद्दाम आवाज न करणारं निवडलं, कारण खटका वाजला की समोरच्याला कळायचं, आता गोळी येतेय. बरोबरी हवी, दुखणं नको, आणि जमलं तर समोरच्यावर थोडी मातही हवी. बदली रिमोट बनवायची ही तिन्ही कारणं त्या पहिल्याच पेटीत आहेत. पुढच्या साठ वर्षांत चौथं कारण फारसं कोणाला सुचलेलं दिसत नाही. एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

दांडीची पेटी घरोघरी पसरली ती १९७७ च्या अटारीसोबत. काळी दांडी, एक लाल बटण. दांडीपेक्षा मोठी गोष्ट होती तिची पिन. अटारीनं नऊ पिनांचा साधा कनेक्टर वापरला, तो बाजारात सहज मिळायचा आणि उपसून काढता यायचा. कॉमडोरच्या संगणकांनी आणि पुढे सेगानंही तसलंच तोंड ठेवलं. रिमोट उपसता येतो म्हटल्यावर दुसऱ्याला दुकान मांडता आलं. गेम पार्लरमधल्या यंत्रांना दांड्या पुरवणाऱ्या विको नावाच्या कंपनीनं १९८२ मध्ये घरच्या अटारीसाठी तशीच मजबूत दांडी काढली. बदली रिमोटचा धंदा त्या एका उपसता येणाऱ्या पिनेवर उभा राहिला.

निन्टेन्डोनं नेमकी उलटी वाट धरली. १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम जपानात विक्रीला आला, किंमत १४,८०० येन. त्याचे दोन्ही रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले, वायर मागून आत गेलेली, पिन नाहीच. पहिल्या खेपेतल्या रिमोटची ए आणि बी बटणं चौकोनी रबरी होती आणि ती दाबली की कडेला अडकून बसायची. निन्टेन्डोला ती बदलून गोल प्लास्टिकची करावी लागली. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट नव्हतेच, त्या जागी छोटा माइक होता. आपल्याकडच्या डब्यांत माइक गेला, पण दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट नसणं तेवढं कायम राहिलं. घरातल्या धाकट्याच्या वाट्याला तोच रिमोट येई आणि गेम थांबवायचा अधिकार थोरल्याकडे राही.

या रिमोटची खरी कमाल डावीकडच्या अधिक-चिन्हात आहे. गुनपेई योकोई यानं ते १९८२ मध्ये हातात मावणाऱ्या ‘डाँकी काँग’च्या खेळण्यासाठी बनवलं. निन्टेन्डो मुळात पत्ते बनवणारी कंपनी, आणि योकोई १९६५ मध्ये तिथे पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायला लागला होता. दांडीचं काम त्यानं एका अंगठ्यावर आणलं. दांडी मोडते, अडकते, दप्तरात मावत नाही, आणि या अधिक-चिन्हाला त्यातलं काहीच होत नाही. तरी पार्लरमध्ये दांडीवर हात बसलेल्यांना ते कधी पूर्ण पटलं नाही.

रिमोट उपसता येत नसला तरी फॅमिकॉमच्या तोंडाशी पंधरा पिनांचं एक भोक ठेवलेलं होतं. बंदूक, दांडी, जे काय जोडायचं ते तिथे. टर्बो त्या भोकातून घरात शिरला.

आधी पट्टीची गोष्ट. १९८३ मध्ये कोनामीचा ‘हायपर ऑलिंपिक’ पार्लरमध्ये आला. त्यात धावायचं म्हणजे बटण जितक्या वेगानं बडवता येईल तितकं बडवायचं. जपानी मुलांनी कंपास पेटीतली पट्टी काढली. एक टोक हातानं दाबून धरायचं, दुसरं बटणावर थरथरत ठेवायचं. बोटाला जे जमत नाही ते लवचिक पट्टीला जमतं. हा गेम फॅमिकॉमवर आला तेव्हा कोनामीनं त्याच्यासोबत वेगळा रिमोट दिला. त्यावर दोनच मोठी बटणं, एक धावायला, एक उडी मारायला. बाकी काही नाही. एका गेमसाठी एक रिमोट.

पट्टीला माणसाचं उत्तर होतं ताकाहाशी तोशियुकी. हा हडसन कंपनीत नोकरीला होता आणि कंपनीच्या गेमची जाहिरात करत गावोगाव फिरायचा. जपानी पोरं त्याला ‘मेइजिन’ म्हणत, म्हणजे उस्ताद. तो सेकंदाला सोळा वेळा बटण दाबायचा. १९८५ पासून हडसननं उन्हाळ्याच्या सुट्टीत देशभर गेमच्या स्पर्धा भरवल्या. पहिल्या वर्षी ‘स्टार फोर्स’, दुसऱ्या वर्षी ‘स्टार सोल्जर’. विमान उडवायचं आणि गोळ्या झाडायच्या, त्यामुळे ज्याचं बोट जलद तो पुढे. देशातली सगळी मुलं सोळाच्या मागे लागली. पण सोळा जमत कोणाला? ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी त्याच हडसननं ‘जॉयकार्ड’ काढला. त्यात बटण दाबून धरलं की रिमोटच भराभर दाबल्यासारखं करायचा. एका हातानं उस्तादाची कीर्ती पसरवायची आणि दुसऱ्या हातानं त्याच्या कौशल्यावर इलाज विकायचा, असा हा धंदा. हडसनला यात काही विसंगत वाटलं नाही, गिऱ्हाइकांनाही नाही.

आता इथे वऱ्हाडातल्या वाचकाला एक ओळखीचा माणूस भेटेल. आपल्याकडच्या कॅसेटांमध्ये ‘ॲडव्हेंचर आयलंड’ हमखास असायचा. डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला गवताचा घागरा, हातात कुऱ्हाड, फळं खात पळणारा एक गोलमटोल पोरगा. १९८६ च्या त्या गेमचा नायक जपानमध्ये ताकाहाशी मेइजिन याच नावानं आहे. सोळा गोळ्यांच्या उस्तादाला हडसननं आपल्या गेममध्ये बसवलं. म्हणजे पाहा, आमच्याकडची पोरं त्या उस्तादाला पळवत होती, त्याच्या कुऱ्हाडी फेकत होती, आणि अंगठा ठेवून बसली होती टर्बोवर. बिचाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्याच अंगावर झालेला हा प्रकार आहे.

अमेरिकेतही हेच झालं. निन्टेन्डोनं तिथे १९८७ मध्ये ‘ॲडव्हान्टेज’ नावाची मोठी दांडी काढली. टर्बोचा वेग कमीजास्त करायला गोल कळ, आणि ‘स्लो’ नावाचं एक बटण. हे बटण काय करायचं, तर स्टार्ट भराभर दाबून गेम पुन्हा पुन्हा थांबवायचं. १९८९ च्या ‘घोस्टबस्टर्स २’ सिनेमात याच दांडीनं स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चालवलेला दाखवला आहे. १९८८ च्या ‘मॅक्स’ या दुसऱ्या रिमोटवर ए, बी आणि त्या दोघांची टर्बो अशी चार बटणं होती. आमच्या हातातल्या रिमोटशी याचं सख्खं नातं.

टर्बोच्या आत जादू काही नाही. फॅमिकॉमच्या रिमोटमध्ये ४०२१ या क्रमांकाची एक साधी चिप असते. यंत्र तिला विचारतं, आणि ती आठ बटणांची अवस्था एकामागून एक सांगते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. त्यासाठी पाचच तारा लागतात. दोन विजेच्या, एक ‘आता सगळी बटणं पाहा’ म्हणणारी, एक ‘पुढचं सांग’ म्हणणारी आणि एक उत्तराची. गेम हे साधारणपणे चित्राच्या प्रत्येक चौकटीला एकदा विचारतो, म्हणजे जपानच्या टीव्हीवर सेकंदाला साठ वेळा, आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर पन्नास वेळा. एक दाब मोजला जायला एका चौकटीत बटण दाबलेलं आणि पुढच्या चौकटीत सुटलेलं दिसावं लागतं. तेव्हा कितीही आपटलं तरी जपानात सेकंदाला तीस आणि आपल्याकडे पंचवीस दाबांच्या वर गेमला दिसणारच नाहीत. टर्बोचं बटण म्हणजे हे दाबणं-सोडणं करणारा छोटा ऑसिलेटर, इतकंच. त्याचा ताल गेमच्या तालाशी जुळला नाही तर मधले काही दाब वाया जातात. स्वस्त रिमोटमध्ये ते जात असत.

आणि त्याचा उपयोगही आम्ही समजत होतो तितका नव्हता. मारिओत एका वेळी पडद्यावर दोनच आगीचे गोळे असू शकतात, तिथे टर्बो काय करणार?  ‘बॅटल सिटी’त, म्हणजे आपल्या टँकमध्ये, सुरुवातीला पडद्यावर तुमची एकच गोळी. ती कशावर तरी आदळल्याशिवाय दुसरी सुटत नाही. तिथे टर्बो कामाचा तो शत्रू नाकासमोर असेल तेव्हा. काँट्रात आणि विमानांच्या गेममध्ये मात्र खरंच फरक पडायचा. वरचं बटण चालत नाही म्हणून रडणाऱ्याची तक्रार निम्मी खरी होती.

नक्कल करणाऱ्यांनी टर्बो का घातला? तैवानमध्ये आणि पुढे चीनमध्ये फॅमिकॉमच्या चिपांच्या नकला निघू लागल्या तेव्हा रिमोटमधली ४०२१ जाऊन त्या जागी सर्किटच्या पाटीवर थेट बसवलेली चिप आली, वर काळ्या रसायनाचा थेंब. त्या थेंबाच्या आत ऑसिलेटरही बसवला तर खर्च नगण्य, आणि खोक्यावर ‘टर्बो’ छापता येतं. माझा तर्क असा की कारण एवढंच असावं. दुसरी गोष्ट पिनेची. स्वस्त रिमोट लवकर मोडणार हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक. म्हणून यातल्या बहुतेकांनी फॅमिकॉमसारखी कायमची वायर न ठेवता पुढे कधी नऊ, कधी पंधरा पिनांचं तोंड दिलं. जपानी मुलाला मूळ यंत्रासोबत जे मिळालं नाही, म्हणजे रिमोट उपसून दुसरा लावायची मोकळीक, ते नकली डब्यानं वऱ्हाडातल्या पोराला दिलं. नकलेबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी एवढं तरी तिच्या खात्यात जमा करावं.

अस्सल माल इथे आला नाही असं नाही. १९९५ मध्ये सेगानं आपला मेगा ड्राइव्ह भारतात आणला तो शॉ वॉलेस या कंपनीशी करार करून. मद्याच्या धंद्यातलं हे नाव व्हिडिओ गेममध्ये शिरलं, कारण तेव्हाचा ऐंशी टक्क्यांचा आयातकर चुकवायचा होता. इतकं करूनही किंमत १८,००० रुपये. नांदगाव पेठेच्या शेतकऱ्याला, किंवा अमरावतीच्या शिक्षकालाही, त्या काळी ती रक्कम पोराच्या खेळण्यासाठी परवडणारी नव्हती. म्हणून आपल्याकडचा व्हिडिओ गेमचा इतिहास हा नकलेचाच इतिहास आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही.

या नकलेला गावोगावच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यानं जगवलं. रिमोटची वायर तुटते ती नेहमी मुळाशी, जिथे ती आत शिरते. तो तेवढा तुकडा कापायचा, पाचही तारा सोलायच्या आणि पुन्हा डाग द्यायचा. वायर दर वेळी थोडी आखूड होई आणि पोरं टीव्हीच्या थोडी जवळ सरकत. बटण मेलं तर उघडून पाहायचं. बटणाखाली रबराची गादी, तिच्या पोटाला कार्बनचा काळा ठिपका, तो झिजला की पाटीवरच्या रेघा जुळत नाहीत. मग त्या ठिपक्यावर मऊ शिसपेन्सिल घासायची, नाहीतर सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीचा गोल कापून चिकटवायचा. टीव्हीच्या रिमोटवर केली जाणारी हीच कारागिरी. चांदी लावलेलं बटण मूळच्यापेक्षा कमी दाबात लागतं, असा पोरांचा दावा असे. टर्बो मात्र काळ्या थेंबाच्या आत. तो गेला की गेला, त्याला कोणी हात लावू शकत नसे.

विजेचा प्रश्न वेगळाच. दोन हजारच्या दशकात लोडशेडिंगनं गावं तासन् तास अंधारात असत. या डब्यांत गेम साठवायची सोय नाही, वीज गेली की आठव्या दुनियेतला मारिओ पुन्हा पहिल्या दुनियेत. त्यावर कोणत्याही रिमोटचा इलाज नव्हता. आता गावाजवळ १३५० मेगावॉटचं वीज केंद्र उभं आहे, ते आलं तोवर पोरं मोबाइलवर गेली होती.

दांडीची हौस दुसऱ्या बाजूनं आली, पार्लरमधून. अमरावती-अकोल्यात बसस्थानकाच्या आणि शाळा-कॉलेजच्या आसपास नाणं टाकून खेळायची यंत्रं असत, आणि त्यांवर कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे नाव कोणी घेत नसे. त्यातल्या टोपीवाल्या गड्याच्या नावानं सगळा गेमच ‘मुस्तफा’ झाला. मुस्तफा खेळायचा तो दांडी मुठीत धरून, बटणं तळहातानं आपटत. त्या हाताला घरचा अंगठ्याएवढा अधिक कसा पुरणार? मग हौशी लोक घरच्या स्वस्त रिमोटचं पोट फाडतात. प्रत्येक बटणाच्या रेघेवर बारीक तार डागायची, ती तार पार्लरच्या दांडीखालच्या मायक्रोस्विचला न्यायची, सगळं लाकडाच्या पेटीत बसवायचं. चिप तीच, पिन तीच, यंत्राला वाटतं जुनाच रिमोट आहे. जगभरात हीच युक्ती चालते आणि आजही चालते. कोटोक आणि सॉन्डर्सनं केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

टीव्हीवर रोखायच्या बंदुकीला मी बदली रिमोटांची मावसबहीण मानतो. ती चांगलं खेळवत नाही, वेगळं खेळवते. बदकांच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा एका चौकटीपुरता काळा होतो आणि पुढच्या चौकटीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तरच बदक पडतं. काळी चौकट कशासाठी? १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसीची बंदूक दिव्यावर रोखली तरी नेम लागायचा, ती पळवाट बुजवण्यासाठी. आणि एक गंमत बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हती. एका बदकाच्या खेळात दुसरा रिमोट हातात घेतला तर बदक उडवता येतं. ज्याला दुसरा रिमोट नेहमी मिळायचा त्या धाकट्यानं हे ओळखलं असेल, तर थोरल्याचा नेम का चुकतोय हे त्यानं कधी सांगितलं नसणार.

महागड्या चमत्कारांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. १९८९ मध्ये मॅटेलनं ‘पॉवर ग्लोव्ह’ काढला. हातमोजा घालून हात हवेत हलवायचा, टीव्हीला लावलेल्या पट्टीला तो न ऐकू येणाऱ्या आवाजानं कळायचा. दिसायला झकास, खेळायला भिकार. पण त्याच वर्षी निन्टेन्डोनं आणखी एक रिमोट काढला, त्याचं नाव फार कमी घेतलं जातं. तो छातीवर बांधायचा. हनुवटीनं दांडी हलवायची आणि तोंडातल्या नळीतून हवा ओढली की एक बटण, फुंकली की दुसरं. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी तो होता. दुकानात नव्हता, कंपनीला फोन करून मागवावा लागे. वर म्हटलेलं चौथं कारण हेच: जास्त चांगलं खेळणं नव्हे, मुळात खेळता येणं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्ससाठी असा रिमोट उघड बाजारात आणला, तोवर मधे जवळपास तीस वर्षं गेली. टर्बोवर या धंद्यानं जेवढी बुद्धी खर्च केली, तिच्यातली थोडी इकडे वळली असती तर बरं झालं असतं.

आणि आता टर्बोचा पराभव. १९८९ च्या निन्टेन्डोच्या टेट्रिसमध्ये बाण दाबून धरला तर ठोकळा आधी सोळा चौकटी थांबतो, मग दर सहा चौकटींना एक घर सरकतो, म्हणजे सेकंदाला दहा घरं. एकोणतिसाव्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगानं पडतात की या चालीनं ते कडेपर्यंत पोचतच नाहीत. गेम तिथे संपतो असंच लोक वर्षानुवर्षं मानत. मग काही जणांनी बाण दाबून न धरता अंगठा थरथरवून बडवायला सुरुवात केली. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत सोळा वर्षांच्या जोसेफ सेलीनं याच पद्धतीनं सात वेळचा विजेता जोनस न्यूबाउअर याला हरवलं. टर्बोचा रिमोट तिथे चालत नाही, हे सांगायला नको. पुढे ख्रिस्तोफर मार्टिनेझ या खेळाडूनं त्याहून वेगळं काढलं. अंगठा बाणावर हलका टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं रिमोटच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची. रिमोटच उचलून अंगठ्यावर आदळतो. तबल्यावर बोल काढणाऱ्याला हे लगेच कळेल. वेग सेकंदाला वीसच्या घरात जातो, ताकाहाशीच्या सोळाच्या वर. २१ डिसेंबर २०२३ ला विलिस गिब्सन हा तेरा वर्षांचा अमेरिकन मुलगा या पद्धतीनं १५७ व्या पातळीवर पोचला आणि टेट्रिस गोठून बंद पडला. मशीनलाच हार मानावी लागली. हातातला रिमोट जुन्याच धाटणीचा, दोन बटणांचा. त्याचा मागचा भाग, ज्यावर बटण कधी नव्हतंच, तोच बटण झाला.

म्हणून जुन्या डब्यावर चांगलं खेळायचं असेल आणि रिमोट शोधायला निघालात, तर टर्बोच्या मागे फार लागू नका. अंगठ्याखालचं अधिक-चिन्ह कसं आहे ते आधी पाहा. वर दाबताना डावंही लागत असेल तर चार सोडून आठ टर्बो असले तरी उपयोग नाही. ८बिटडोसारख्या कंपन्या जुन्या यंत्रांसाठी बिनतारी रिमोट आणि त्यांचे रिसीव्हर बनवतात, ते चांगले आहेत. पण दर चौकटीला वीस मिलिसेकंदच मिळतात आणि नव्या एलईडी टीव्हीनं त्यातले बरेच आधीच खाल्लेले असतात, त्यात आणखी उशीर नको असेल तर वायरचा रिमोट बरा. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर तो सुरू करा. ऑनलाइन मिळणाऱ्या एचडीएमआयच्या काड्या, ज्यांत हजारो गेम भरलेले असतात, त्या जुना डबा नव्हेत. आत छोटा संगणक डब्याचं सोंग घेतो.

एक इशारा मात्र गांभीर्यानं घ्या. अटारी, सेगाचा मेगा ड्राइव्ह आणि आपले नकली डबे, या सगळ्यांच्या रिमोटची नऊ पिनांची तोंडं सारखी दिसतात आणि एकमेकांत बसतातही. आतल्या तारा मात्र वेगळ्या. विजेची तार भलत्याच पिनेवर आली तर रिमोट जातो, कधी यंत्रही. बसतंय म्हणून घालू नका. घरच्या मेलेल्या रिमोटची जुनी वायर कापून नव्याला जोडणं हा जास्त सुरक्षित मार्ग आहे, आणि ते काम गल्लीतला दुरुस्तीवाला अजूनही करतो. तो असेपर्यंत करून घ्या.

आणि माळ्यावरचा काचेचा जाड टीव्ही भंगारवाल्याला देणार असाल तर जरा थांबा. बदकांची बंदूक फक्त त्याच्यावर चालते.